पोळ्याची कमान

जगदेव देशमुखांनी कडब्याचं धांडं कमानीच्या बुडाशी पडलेल्या भेगेत खुपसलं. सकाळी ते अर्धं आत जात होतं, आता सगळं गेलं. त्यांनी मागं वळून पाहिलं. गावातले झाडून सगळे बैल झुली घालून, बाशिंगं बांधून कमानीसमोर दाटले होते. वर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या की मानाची जोडी तोरणाखालून जाणार आणि तिच्यामागं सारा लोंढा.

कमान त्यांचीच. मुंबईत वास्तुकला शिकून आलेल्या या माणसानं गावाला दगडी वेस बांधून दिली, आणि गावानं खूश होऊन त्यांना म्युनिसिपालिटीचं अध्यक्षपद दिलं. पाया मात्र भर चैत्रात खोदला होता. उन्हानं वाळलेली काळी माती कुदळीला दाद देईना, तेव्हा मुरूम लागला असं समजून त्यांनी खोदकाम थांबवलं. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसानं करू नये अशी ही चूक. गेल्या वर्षी पाऊस बेताचा झाला म्हणून ती झाकली गेली. यंदाच्या श्रावणानं माती फुगवली होती.

ते मानाच्या जोडीपाशी गेले. कासरा मारोतराव पाटलांच्या हातात होता. निवडणुकीत हेच त्यांच्याविरुद्ध उभे राहून पडले होते.

"मारोतराव, तोरण सोडा. लिंबाखाली बांधू."

"काहून?"

"कमान पडन."

मारोतरावांनी कमानीकडं पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडं.

"माह्या बैलाचा मान आला, तवाच पडून राह्यली का तुमची कमान?"

लोक खो-खो हसले. जगदेवांची कानशिलं तापली. घरी निघून जाता आलं असतं. आपण सांगितलं होतं, असं उद्या म्हणताही आलं असतं. झडत्या संपत आल्या, ढोल वाढला, मागचे बैल पुढं रेटू लागले. तेव्हा ते चालत गेले आणि पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी कमानीखालच्या चिखलात मांडी घालून बसले.

"चूक माही हाय!" ते ओरडले. "पाया मुरमापर्यंत गेलाच नाही. बैलं न्यायचे त माह्या अंगावरून न्या!"

ढोल थांबला. मारोतरावांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि जोडी लिंबाकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा झाला आणि अध्यक्षांच्या हुकमानं कमान पाडायला घेतली. ती काही पडेना. पहारी वाकल्या, मजूर थकले, चुन्यानं दगड सोडला नाही. बघ्यांची चंगळ झाली.

"साहेब, फुंकर मारून पाहा, पडन!"

जगदेव मान खाली घालून उभे राहत. काम इतकं पक्कं झालेलं पाहून त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटत होती. पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपद मारोतरावांकडं गेलं. कोणाला नवल वाटलं नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी जेवायला वाढताना त्यांची बायको रुख्मिणी म्हणाली,

"एक इचारू? खरंच पडणार व्हती का हो ते कमान?"

जगदेवांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"मले माहीत नाही."

"म्हंजे?"

"बैलं खालून गेल्याबिगर कसं समजलं असतं?"