अंतराची शिकायत

शाळेचा जिना चढता चढता शरदिनी मध्येच थांबली, पदराने तोंड पुसलं आणि मनातल्या मनात संकठादेवीला हात जोडले. वर्गशिक्षिकेने बोलावलं होतं, अंतराबद्दल बोलायचंय म्हणून. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या तिच्या लेकीबद्दल शाळा आजवर एकच गोष्ट बोलत आल्या होत्या: हिला दुसरीकडे घाला.

दोन शाळांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं. या तिसरीने, कायदा पुढे ठेवल्यावर, काढा प्यायल्यासारखं तोंड करून प्रवेश दिला. वर्गशिक्षिका निवेदिताबाई तेवढ्या हट्टी निघाल्या. खुणांची भाषा शिकवायला येणाऱ्या शिक्षिकेपुढे त्यांनी एकट्या अंतराला नाही, आख्ख्या वर्गाला बसवलं. तरी दुधाने तोंड पोळलेली शरदिनी ताकही फुंकूनच पिणार. चौथी शाळा शोधायचं बळ आता तिच्यात नव्हतं.

"बसा शरदिनीताई. शिकायत आहे."

शरदिनी उभीच राहिली. "बाई, कायद्याने काढता येत नाही ना तिला?"

"काढतंय कोण? अहो, फार बोलते ती वर्गात!"

"कोण?"

"तुमची अंतरा! मी फळ्याकडे वळले की हिचे हात सुरू. शेजारच्या मालविकाशी बोलते म्हणून उचलून शेवटच्या बाकावर बसवली, तिथेच फसले. कुजबुजणारी पोरं लांब बसवली की गप्प होतात. हात काय, लांबूनही दिसतात. आता ही मागून बोलते आणि सगळा वर्ग माना वळवून बसतो. वर प्रिन्सिपलसाहेब शाबाशी देऊन गेले, 'कितना शांत क्लास है!' काय सांगू त्यांना?"

शरदिनीने ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच.

"हसू नका. घरी रागवा तिला."

"रागावते हं बाई. चांगली रागावते."

बाहेर येताच तिने नवऱ्याला फोन लावला. ढुंढिराज घाटावर यजमानांची पूजा सांगून नुकता मोकळा झाला होता.

"अहो, अंतराची शिकायत आलीय. वर्गात फार बोलते म्हणे."

घाटावरच्या गलबल्यात त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"कोणाशी?" त्याने हळूच विचारलं.

"सगळ्यांशी," ती म्हणाली, आणि मग तिला आनंदाने रडू आवरेना.

"थांब," ढुंढिराज म्हणाला, "पेढे घेऊन येतो. सगळ्या वर्गाला पुरतील एवढे."