धायटीला लावलेलं नख

धायटी कुणी विकत घेत नसतं. डोंगरावर फुकट उगवणारं झुडूप, त्याला गिऱ्हाईक कुठलं? तरी पडेगावच्या आपल्या नर्सरीत कडुबानं ती वाढवलीच. टेकडीवरून धुळीसारखं बारीक बी आणलं आणि चार वर्षं पोटच्या पोरासारखी रोपं सांभाळली. पोटच्या पोराला, सुयशला, हे म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. पाणी नको, खत नको, एकदा लावलं की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही, असलं झाड धंद्याच्या काय कामाचं? त्याला आंध्रातून ट्रकनं येणाऱ्या शोभेच्या इक्झोरा बऱ्या वाटायच्या. दर उन्हाळ्यात मरायच्या आणि दर पावसाळ्यात नव्यानं विकल्या जायच्या.

मागच्या पावसाळ्यात मात्र धायटीचं नशीब उघडलं. जवळच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी मंजुषाताई आल्या. त्यांना फाटकापासून रांगेनं लाल फुलांची झुडपं हवी होती, तीही इथल्याच मातीतली. कडुबानं बावीस धायट्या दिल्या, स्वतः खड्डे घेऊन लावल्या.

"ताई, पौषात पानं झडतील," त्यानं निघताना बजावलं. "नुसत्या काटक्या दिसतील. घाबरू नका. शिमग्याच्या आत असं लाल व्हतंय, की रस्त्यानं जाणारा थांबतोय."

त्या आनंदात म्हातारा दोन दिवस धड जेवलाही नाही.

जानेवारीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे कडुबा घरात बसून होता. डॉक्टरांनी मोकळं केलं तसा तो आधी सोसायटीत गेला. फाटकापासून रांगेनं इक्झोरा उभ्या होत्या.

"काका, तुमची झाडं वाळली हो," मंजुषाताई म्हणाल्या. "सभासद बोलायला लागले. मी तुमच्या सुयशला बोलावलं. त्यानं साल खरवडून बघितली आणि म्हणाला, मेली. परवाच काढली सगळी."

पाण्याच्या टाकीमागं ढीग पडला होता. कडुबानं एका फांदीला नख लावलं. सालीखाली हिरवंगार. दुसरीला लावलं, तिसरीला लावलं. हिरवं म्हणजे जीव आहे, हे त्यानं सुयशला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं.

थोडीफार मुळं शाबूत असलेलं एकच झाड सापडलं. ते घेऊन तो नर्सरीत आला.

"हिरवं दिसलं व्हतं का रे तुला?"

सुयशनं नजर चुकवली नाही, हेच वाईट. "दिसलं व्हतं. पण आबा, ती फुलली असती तर त्या बाई आपल्याकडं परत कशाला आल्या असत्या?"

बाहेरच्या चोरासाठी कुंपण घालता येतं. हा तर कुंपणाच्या आतला. त्यानं ते झाड एका जुन्या डब्यात लावलं आणि दाराशी ठेवलं.

पंधरा दिवसांत ते फुललं. काटकीकाटकीला लाल फुलं लगडली.

इक्झोरा पिवळ्या पडल्या म्हणून मंजुषाताई खत न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं बाई! काका, हे कसलं झाड? हे आम्हाला का नाही दिलं?"

सुयश लगबगीनं पुढं झाला. "ताई, हे ऑर्डर देऊन मागवावं लागतं. नाव लिहून ठेवू?"

"मागवायचं काय त्यात?" कडुबा म्हणाला. "तुमचंच हाय ते, ताई. तुमच्या टाकीमागच्या ढिगातलं."

मंजुषाताईंनी सुयशकडं बघितलं. सुयश मोबाईलमध्ये बघायला लागला.

"मग जगलं की हे!" त्या चाचरत म्हणाल्या. "यालाच वाढवा ना."

कडुबानं वाकून बुंध्याला नख लावलं. सालीखाली तपकिरी, कोरडं ठाक. वरच्या फांदीलाही तेच. होता नव्हता तेवढा जीव झाडानं फुलांना देऊन टाकला होता. त्यानं ती फांदी फुलांसकट मोडली आणि सुयशच्या मोबाईलपुढं धरली.

"बघून ठेव," तो म्हणाला. "मेलेलं असं दिसतं."