औषधावरची वायर

वाटी फरशीवर पडली आणि गरगरत पलंगाखाली गेली. नुकताच निजलेला तान्हा निरंजन दचकला, त्यानं ओठ काढले, पण रडला नाही. अपेक्षानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. त्या हाताला मऊ भाताची वाटीसुद्धा धरवली नव्हती.

"परत पडली व्हय?" बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी, हैबतरावांनी विचारलं.

"निसटली, आबा."

बाळंतपणानंतर तिची अंगठ्याच्या बुडाशी नस सुजली होती. बाळाला उचलताना, पाजताना मनगट सारखं एकाच बाजूला वळतं, बऱ्याच आयांचं असं होतं, असं बावधनच्या फिजिओथेरपिस्ट जुईली मॅडमनी सांगितलं होतं. पण बऱ्याच आयांच्या घरात दुसरं बाईमाणूस असतं. भुकूमच्या या घरात सासूबाई वारलेल्या. नवरा, शेखर, हिंजवडीतल्या कंपनीची बस चालवायला अंधारातच निघायचा. आणि हैबतरावांचे हात असे थरथरायचे की चहा कपातून निम्मा बशीत यायचा.

मागं एकदा न्हाऊ घालताना बाळ तिच्या हातातून सुटलं. तिच्याच मांडीवर पडलं म्हणून निभावलं. तेव्हाच घरात ठरलं, नेऱ्याची रजनी, म्हणजे तिची मोठी जाऊ, पोराला घेऊन जाईल. रजनीला मूल नव्हतं. हात बरा झाला की आणू, असं सगळे म्हणत. केव्हा, ते कुणी म्हणत नव्हतं.

रजनी आज यायची होती. "मी येईन तवा त्याला तुज्या हातानं उचलून दाव, मी रिकामी माघारी जाईन," असं तिनंच सांगून ठेवलं होतं.

सगळी भिस्त मॅडमनी दिलेल्या मशीनवर होती. मुठीत मावेल एवढी डबी. औषधाचे थेंब घातलेलं पॅड मनगटावर चिकटवायचं, दुसरं साधं पॅड कोपराजवळ, आणि डबीतली हलकी वीज औषधाला कातडीतून आत ढकलणार. सुई नाही की पोटात गोळी नाही. मॅडमनी एकदा समोर करून दाखवलं होतं. एका हातानं जमत नसे, म्हणून रोज डबीच्या लाल आणि काळ्या वायरी पॅडांना हैबतराव लावायचे.

"लई बोचतंय का गं?"

"बोचू द्या, आबा."

झोंबतंय म्हणजे औषध आत जातंय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. हळूच ती करंट थोडा वाढवायचीही. बाळाला पाजताना डाव्या हातानं त्याला कवटाळायची आणि उजव्याला मनातल्या मनात विनवायची, एवढं एकदा माझं ऐक.

आज पॅड काढलं तर खाली लालभडक चट्टा. सूज होती तशीच. तिनं मॅडमना व्हिडिओ कॉल लावला.

"पुन्हा लावून दाखवा बरं," मॅडम म्हणाल्या. हैबतरावांनी सवयीनं लावलं.

"थांबा, काका. औषधावर लाल वायर?"

"मग? करंट लालमधनंच येतो की. काळी निस्ती माघारी न्यायला. उभा जन्म हिरीवरच्या मोटारी जोडल्यात मी."

"मोटारीचं बरोबर आहे, काका. पण हे औषध काळ्या वायरीखालीच आत जातं. लाल वायर त्याला ओढून धरते, पॅडमधून सुटूच देत नाही."

"म्हणजे इतके दिवस..." अपेक्षानं चट्ट्याकडं पाहिलं.

"औषध गेलंच नाही. नुसती कातडी भाजली. आता बंद ठेव. चट्टा बरा झाला की नव्यानं सुरू करू. थोडा धीर धर."

फोन ठेवला तरी हैबतराव दोन्ही वायरी हातात धरून बसले होते. "मला वाटलं, जिकडं करंट तिकडं गुण," ते म्हणाले. "माजंच चुकलं, पोरी."

तिला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण हे थरथरते हात रोज तिच्या मनगटापाशी श्वास रोखल्यासारखे कसे जपून थांबायचे, ते तिनंच पाहिलं होतं.

रजनी आली ती नवं दुपटं आणि दुधाची बाटली घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता आनखी किती दीस?"

"चट्टा वाळला, की..."

"आगं, मी काय पोरं पळवणारी हाय का? पर उद्या डोक्यावर पडलं म्हंजे?" रजनी तिच्या डोळ्यांत बघायचं टाळत होती. "उचल त्याला. न्हाई कुटं म्हणतीय मी? उचल, आन मी निगते."

अपेक्षानं डावा हात बाळाच्या मानेखाली घातला, उजवा कमरेखाली. बाळ वर आलं. छातीपर्यंत आलं. मग अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली आणि बोटं आपोआप उघडली. रजनीचे हात आधीच खाली होते. निरंजन त्यांत अलगद पडला आणि रजनीकडं बघून चक्क हसला.

रजनीनं त्याला दुपट्यात गुंडाळलं. "दर ऐतवारी आणीन," ती उंबऱ्याशी थांबून म्हणाली. "दूध सुकू देऊ नगंस."

रिक्षा पौड रस्त्याला लागली, आवाज येईनासा झाला, तरी अपेक्षा दारातच उभी होती. पदराखाली पोलकं ओलं झालं होतं. अंगणवाडीतून आलेली तिची थोरली लेक सृष्टी रिकाम्या पलंगाला वळसा घालून तिच्यापाशी आली.

"बाळ कुटंय?"

"काकूकडं गेलंय. माझा हात दुखतो ना, मला धरवत नाही त्याला."

सृष्टीनं आपले दोन्ही तळहात पुढं केले, उलटसुलट करून नीट पाहिले.

"माझे तर दोन्ही हात चांगले हायेत," ती म्हणाली. "मी धरलं असतं की. मला का नाही कुणी विचारलं, आई?"