दीपगृहामागची चिमणी

भाचीच्या फोनवरचा फोटो पाहिला आणि एरवी अखंड बडबडणारा मामा एकदम गप्प झाला.

तोवर ताटावर तिचं कौतुकच चाललं होतं. भाची एका छोट्या वर्तमानपत्रात बातमीदार. समुद्राच्या बातम्या कशा लिहाव्यात हे शिकवणाऱ्या वर्गाला वर्तमानपत्रानेच तिला धाडलं होतं. शिकवणारा तिच्याच वर्तमानपत्राचा म्हातारा संपादक. पोरांच्या मजकुरातलं अर्धंअधिक उडवायचा, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. वर्गाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी सगळ्यांना होडीने एका जागी नेलं. मोठे मासे वर्षातून एकदा तिथे अंडी घालायला गोळा होतात. जागेचा पत्ता फुटला तर आठवडाभरात तिथे शेपूटही उरायचं नाही. म्हणून अट होती : नाव लिहायचं नाही, अंतर नाही, खोली नाही.

भाचीने अट काटेकोर पाळली. कात्रीने तिच्या मजकुरातली फक्त दोन विशेषणं काढली, म्हणजे शाबासकीच ती. उद्याच्या अंकात लेख येणार होता आणि सोबत तिनेच काढलेला फोटो : शास्त्रज्ञ बाई मासा मोजून परत पाण्यात सोडताहेत.

मामा बाईंकडे बघत नव्हता, माशाकडेही नाही. तो बघत होता मागचा किनारा. दीपगृहाच्या बरोबर मागे बर्फ कारखान्याची चिमणी, एकात एक बसवल्यासारखी. उजव्या कडेला टेकडीआडून जेमतेम डोकावणारा काळा खडक.

समुद्रात पाटी लावता येत नाही, म्हणून कोळी माणूस किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून जागा धरतो. हे लहानपणी मामानेच तिला शिकवलं होतं. फोटो काढताना ती ते साफ विसरली होती.

"छान आलाय," एवढंच म्हणून मामा ताटावरून उठला. आईने विचारलं, एवढ्यात पोट भरलं का रे? तर म्हणाला, पहाटे निघायचंय. तीन हंगाम त्याची जाळी रिकामी येत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

भाचीने अंगणात जाऊन कात्रीला फोन लावला. पान छापायला जायच्या बेतात होतं. फोटोतल्या खुणांचं सांगताना तिला वाटलं, नोकरी गेली. पण त्याने फोटो पानावरून उतरवायला लावला आणि पुटपुटला, की शब्दांना चाळण लावायला शिकवली, चित्राला लावायची राहिली, चूक दोघांची. शेवटी विचारलं, आणखी कुणी पाहिलाय?

नाही म्हणणं सोपं होतं. "मामाने," ती म्हणाली. "त्याची होडी आहे."

"मग बातमी अजून संपलेली नाही," कात्री म्हणाला आणि फोन ठेवला.

पहाटे ती धक्क्यावर पोचली तेव्हा मामा दोर सोडत होता. खलाशांना बोलावलं नव्हतं. त्यावरूनच तिने ओळखलं, तो एकटा त्या जागेकडेच निघालाय. ती न विचारता होडीत उतरली. मामाने तिला उतरवलं नाही. इंजिनाच्या आवाजात दोघं गेली.

दीपगृह इकडे, चिमणी तिकडे. दोन्हींतलं अंतर हळूहळू मिटत चाललं. भाची तिकडे बघत होती, मामाही. चिमणी दीपगृहाच्या मागे गेली. थोड्या वेळाने टेकडीआडून खडकाने डोकं काढलं. मामाने इंजिन बंद केलं आणि जाळ्याला हात घातला.

"मी बातमीदार म्हणून आलेय, मामा. जाळं पडलं तर लिहिणार. होडीचं नाव, तुझं नाव."

"आणि जागा?"

"ती लिहिता येत नाही."

"वा. चोर छापायचा नि घर झाकायचं." तो हसला, पण हात जाळ्यावरच होता. "ताईने पोरगी शिकवली ती भावाच्या मुळावर."

तिने वही उघडून मांडीवर ठेवली.

होडी पाण्यावर डुलत होती. मामा वाकून बराच वेळ खाली बघत राहिला. मग जाळ्यावरचे हात काढून कमरेवर ठेवून उभा राहिला.

"माझं नाव छापलंस की उद्यापासून सगळं बंदर माझ्या शेपटीला. जागा जाईल ती जाईल, वर तोंड काळं." त्याने इंजिन सुरू केलं. "किनाऱ्याकडे पाठ करून फोटो काढावा, एवढंही शिकवत नाहीत तुमच्या वर्गात?"

चिमणी दीपगृहाच्या आडून बाहेर सरकली. भाचीने श्वास सोडला, पण पुरता नाही. मामाला खुणा आता पाठ झाल्या होत्या, आणि मासे अजून काही दिवस तिथेच राहणार होते.

धक्क्याला लागताना तिने विचारलं, उद्या किती वाजता निघायचं?

मामाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "येतेस?"

"मासे जाईपर्यंत रोज," ती म्हणाली, आणि दोर बांधायला पुढे झाली.