सोळावा बोल्ट

खोक्यात होतं ते असं: चार-चार वळणदार नळ्यांचे दोन जुडगे, दोन गॅस्केट, उंदराचं एक रिकामं घरटं आणि पंधरा बोल्ट. मी दोनदा मोजले. लागणार होते सोळा.

"एकतीस वर्षं त्या खोक्याला मी उंदरांची सासुरवाडी म्हणतेय," मॉम धान्यकोठाराच्या दारातून म्हणाली. "लाडक्या जावयाने एक बोल्ट आहेर म्हणून नेला असेल."

डॅडने हे हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, माझ्या जन्माच्याही आधी एका जत्रेत घेतले होते. ट्रकचा आवाज भारदस्त होईल एवढंच तेव्हाचं कारण. मॉमने लावू दिले नाहीत. आता मात्र कारण वेगळं होतं. इंजिनाचा धूर गोळा करणारं जुनं ओतीव लोखंड उजव्या बाजूला तडकलं होतं आणि तो धूर गंजलेल्या पत्र्यातून केबिनमध्ये येत होता. मॉमची डोकेदुखी डायलिसिसमुळे असेल असं आम्ही दोन महिने समजत होतो. मी काम करते त्या प्रयोगशाळेतून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आणलं. काचा बंद, इंजिन चालू, अर्धा तास: अठ्ठ्याऐंशी पीपीएम. तिच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "त्यांच्या अंगात रक्त आधीच कमी आहे. त्यांना शून्यच पाहिजे."

माइल्स सिटीचं डायलिसिस केंद्र आमच्यापासून चौऱ्याहत्तर मैल. त्यांची रुग्णांना नेणारी गाडी चाळीस मैलांपलीकडे येत नाही. आमच्या मोटारीचा गिअरबॉक्स ऑक्टोबरातच गेला, मी बसने आलेली, आणि ज्यांच्याकडे गाडी मागता आली असती ते शेजारी थंडीपुरते ॲरिझोनाला गेलेले. आज रविवार होता. मॉमच्या डायलिसिसची वेळ मंगळवारी सकाळी सातला.

जुने बोल्ट तीन दिवस गिअरच्या तेलात ॲसिटोन मिसळून भिजवले होते. सोळाही न तुटता निघाले. डॅडने टोपी काढून इंजिनाला सलाम केला. मग जुन्या सोळांतला त्यातल्या त्यात बरा एक निवडून तारेच्या ब्रशने घासला.

"हा मागे जाईल, उजवीकडे, शेवटी," तो म्हणाला.

"मागे का? तिथे हातसुद्धा पोचत नाही."

"म्हणूनच. कुरूप बोल्ट मागे. तुझे आजोबा तसंच करायचे. पुढचे पाहुण्यांना दिसतात."

"डॅड, या घरात इंजिन बघायला कोण पाहुणा येतो?"

"देव येतो. त्यालाही पुढूनच दिसतं."

मी हसले आणि बोल्ट मागे लावला. डॅडच्या बोटांत संधिवात आहे, म्हणून पाना माझ्या हातात होता. तो कंदील धरून आकडे विचारत होता. पंचवीस फूट-पौंडाचा जोर पडला की पाना टक् करतो. पहिला, टक्. दुसरा, टक्. सोळाही झाले. मी पाना खाली ठेवला.

"आता प्रत्येकाला एकेक आजोबांचा," डॅड म्हणाला.

आजोबांचा म्हणजे सगळं आवळून झाल्यावर एक जास्तीचा हिसका. आमच्या घरात चाकाच्या नटापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्याला तो मिळतो. पंचवीस म्हणजे पंचवीस, असं मी म्हणायला हवं होतं. पण दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा झाला होता. पंधरा नव्यांनी हिसका सोसला. सोळाव्याला पाना अचानक हलका झाला.

डॅडला काही सांगावं लागलं नाही. आवाज त्यानेही ऐकला होता.

"बोल्टचं डोकं आलं?"

"डोकं आलं. बाकीचा आतच राहिला. पृष्ठभागाच्याही आत."

तुटलेल्या बोल्टापासून मागच्या पत्र्यापर्यंत नऊ सेंटिमीटर जागा होती. आमचं सर्वांत छोटं ड्रिल सतरा सेंटिमीटरचं. आरसा लावून पाहिलं, वाकडी छिन्नी लावून पाहिली. तो निघायला इंजिन उतरवावं लागलं असतं. त्याला आठवडा लागतो, आणि इंजिन उचलायची घोडी शेजाऱ्यांच्या कुलुपात. जुनं लोखंड परत लावून उपयोग नव्हता. ते तडकलेलं, आणि भोक तेच.

"पंधरा पुष्कळ झाले," डॅड म्हणाला. "या भागातले अर्धे ट्रक एक बोल्ट कमी घेऊनच फिरतात."

इंजिन सुरू केलं. मागून धूर निसटल्याची टिक, टिक, टिक.

"गरम झालं की लोखंड फुगतं, फट मिटते. थांब जरा."

दहा मिनिटांनी आवाज खरंच बंद झाला. डॅडने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहत होते. त्रेसष्ट.

सोमवारी दिवसभर आम्ही पत्र्यातली भोकं बुजवली. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तिच्यावर भट्टीचं सिमेंट, पुन्हा पट्टी. मॉम आत बसून टॉर्च मारायची. जिथून उजेड दिसेल तिथे मी बाहेरून बोट ठेवायचे. एकवीस भोकं सापडली. संध्याकाळी अर्ध्या तासाचा आकडा सत्तेचाळीस आला. बाविसावं कुठे होतं ते कळलं नाही.

"एक मंगळवार चुकवला तर?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी चुकवला होता," मॉम म्हणाली. "हेलिकॉप्टर आलं होतं. तुझ्या डॅडला ते आवडलं, मला नाही."

डॅड हसला नाही. तो आपल्या बोटांकडे पाहत होता. "हिसका मी सांगितला," तो म्हणाला.

"दिला मी," मी म्हणाले.

"दोघं गप्प बसा आणि घोंगड्या शोधा," मॉम म्हणाली.

मंगळवारी सव्वापाचला निघालो. डॅड गाडी चालवत होता, मध्ये मी, खिडकीशी मॉम: तीन घोंगड्या, डॅडची कानटोपी, मांडीवर गरम पाण्याच्या दोन बाटल्या. यंत्र माझ्या गुडघ्यावर. पहिले दहा मैल काचा बंद ठेवल्या. आकडा एकोणतीस झाला तेव्हा मी डॅडकडे न बघता काच खाली करायची खूण केली. दोन बोटं उघडली. मग चार. वारा आत शिरला तशी मॉमने कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली.

"डोकं दुखतंय?" डॅडने विचारलं.

"गारठलंय. गारठल्यावर दुखतं की नाही कळत नाही."

"आणखी उघडू?"

मॉमचे दात वाजत होते. तिने मान हलवली. ती हो होती की नाही, आम्हा दोघांनाही समजलं नाही. डॅडचा हात काचेच्या मुठीवर तसाच राहिला.

चौऱ्याहत्तर मैल. शेवटपर्यंत दोन्ही काचा चार बोटं उघड्या. केबिनचं तापमान उणे सात. आकडा चौदा.