काखेतलं दूध

मित्रांनो, मी पिलू गमावलेली एक मॅनॅटी आहे. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. गजेंद्र मला पाणगाय म्हणतो. मी राहते कतारमध्ये, लुसैल शहरातल्या एका चकचकीत इमारतीच्या तळमजल्यावर, जाड काचेच्या हौदात. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली असली तरी माझं पाणी बारा महिने सारखंच कोमट असतं. ते काम गजेंद्रचं. तो निफाडचा, पाण्याच्या यंत्रांचा इंजिनिअर, दोन वर्षांच्या करारावर आलेला. पंप तपासता तपासता तो माझ्याशी मराठीत बोलतो. म्हणून तर मला तुमची भाषा येते.

माझा जन्म दूर दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या नदीतला. आमचे भाऊबंद समुद्रातही आहेत, पण आम्ही फक्त गोड्या पाण्यातल्या. माझ्या पोटावर पांढरट डाग आहे आणि वल्ह्यासारख्या हातांना नखं नाहीत. पाणगवत खाऊन पुढचे दात झिजले की गळून पडतात आणि मागचे पुढे सरकतात. पूर आला की आम्ही बुडालेल्या जंगलात चरतो. पाणी ओसरलं की खोल डोहात जाऊन अंगातल्या चरबीवर महिनोन्‌महिने उपास काढतो. त्यात तुमच्यासारखी साबुदाण्याची खिचडी नसते बरं! आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी मांसासाठी माणसांनी आम्हाला भरमसाट मारलं. आम्हाला एका वेळी एकच पिलू होतं. ते वर्षभर पोटात असतं आणि पुढे दोन वर्षं आईला सोडत नाही. मग मारणाऱ्यांच्या वेगाला आम्ही कशा पुऱ्या पडणार?

मला मारलं नाही, जाळ्यात धरलं. कुणा धनवंताला हौदात काहीतरी नवलाईचं हवं होतं. पेटीतून, विमानातून इथे आले तेव्हा मी गाभण होते. कुणाला कळलंच नाही. माझं पोट मुळातच पिंपासारखं! सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शुक्रवारच्या सुट्टीला काचेपुढे रीघ लागायची. मग वरच्या मजल्यावर पेंग्विन आले आणि माझ्यापाशी उरला तो एकटा गजेंद्र.

ईदच्या सुट्टीत मला पिलू झालं. आमच्या डॉक्टर तसनीम सुट्टीवर गावी गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. गजेंद्रने आनंदाने बायकोला, चारुलताला, बोलावून घेतलं. सोबत त्यांची नऊ वर्षांची मधुरा आली. ती काचेला नाक लावून बसली आणि थोड्या वेळाने ओरडली, "पप्पा, लुक! बेबी इज ड्रिंकिंग! अंडर हर आर्म!"

"अगं, गुदगुल्या करतंय ते आईला," गजेंद्र हसला. "दूध काय काखेत असतं का?"

मित्रांनो, आमचं दूध काखेतच असतं. पण गजेंद्रच्या घरी चार गाई होत्या. वासरू कासेला लावायचं काम तो लहानपणापासून करत आला होता. तो पाण्यात उतरला आणि त्याने माझ्या शेपटीकडे चाचपून पाहिलं. गाईची कास जिथे असते तिथे माझी कशी असणार?

"चारू, हिला कासच नाही गं," तो घाबरून म्हणाला. "पिलू उपाशी मरेल."

"अहो, डॉक्टर सोमवारी येतायत ना, इन्शाल्ला. तोवर आईजवळ राहू द्या की."

"गाई मी सांभाळल्यात की तू?"

त्याने पिलू उचललं आणि भिंतीपलीकडच्या लहान हौदात नेलं. तिथे मांडीवर घेऊन तो त्याला बाटलीने गाईचं दूध पाजू लागला. दिवस दिवस तो पाण्यात बसून राहिला. त्याच्या मायेत खोट नव्हती. म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

गाईचं दूध आमच्या पिलांना सोसत नाही. माझ्या पिलाचं पोट बिघडलं. भिंतीपलीकडून ते मला हाक मारायचं, मी ओ द्यायची. आमच्यात आई आणि पिलू आवाजावरून एकमेकांना ओळखतात. माझं दूध दाटून पाण्यात सांडू लागलं, तेव्हा पाणी गढूळ झाल्याचा लाल दिवा लागला. गजेंद्रने धावत येऊन गाळणयंत्राचा वेग वाढवला. त्याच्या कामात तो फार चोख आहे. घटकाभरात पाणी स्वच्छ झालं.

चौथ्या दिवशी पलीकडून हाक आली नाही. मी दिवसभर ओ देत राहिले.

सोमवारी डॉक्टर तसनीम आल्या. त्यांनी माझा हात उचलून दाखवला. "गजेंद्रभाई, यहाँ देखिए. थन यहाँ होते हैं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तुमच्याकडे म्हणतात. गजेंद्रने वाकून माझ्या काखेत पाहिलं. "पोरीनं सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून तो माझ्याशी फारसा बोलत नाही.

काल मात्र खूप दिवसांनी तो काचेपाशी आला. मालक एक नर आणणार आहेत, हे त्याला सांगायचं होतं. "पुढच्या वेळी चुकणार नाही बघ मी," असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. बिचाऱ्याला वाटलं, मला आनंद होईल. मी मात्र काचेपासून दूर गेले. त्या नराचीही कुठेतरी नदी असेल.

मित्रांनो, आमची जात वाचवायची असेल तर ती नदीत वाचवा. तिथली जाळी काढा, आमचे डोह राखा आणि आईपासून पिलू तोडू नका. यातलं काहीच जमत नसेल, तर माझ्यासाठी एवढं तरी करा. मला पुन्हा आई करू नका.