माधवीच्या आवाजातला निरोप

हल्ली आपल्या सगळ्यांच्याच घरात चहाच्या आधी फोन उघडतो. मांजर्लीतल्या माधवीच्या घरात तरी वेगळं काय होणार? नगरपालिकेच्या मतदानाच्या दिवशी सकाळी तिने पोहे भिजवता भिजवता गल्लीच्या ग्रुपवर आलेला निरोप वाचला. पावसाळ्यात शाळेची भिंत खचल्यामुळे मांजर्लीचं मतदान केंद्र रेल्वे रुळांपलीकडे, पूर्वेला कात्रपच्या शाळेत हलवलं आहे, असं त्यात होतं. खाली गोल शिक्का आणि सहीसुद्धा होती.

भिंत खचली होती हे खरंच होतं. गल्लीतल्या सगळ्यांनीच ती पाहिली होती. माधवीने फोन तोंडाशी धरला आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "बायांनो, माधवी बोलतेय. आपलं मतदान या वेळी कात्रपच्या शाळेत आहे. इकडच्या शाळेत जाऊ नका, उगाच हेलपाटा पडेल."

ही तिची जुनी रीत. गल्लीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही, म्हणून आलेला निरोप माधवीने आपल्या आवाजात सांगायचा. पुराच्या वर्षी उल्हास नदी चढू लागली तेव्हा तिच्याच आवाजाने तळमजल्यावरची माणसं मुलाबाळांना घेऊन गच्चीवर गेली होती. त्या दिवशी ती खातरजमा करत बसली असती, तर पाणी काही तिच्यासाठी थांबलं नसतं. तेव्हापासून आधी सांगायचं आणि मग बघायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलं. पण नदीचा निरोप वेगळा आणि निवडणुकीचा वेगळा, हे तिला कोण सांगणार? सगळे तिचं कौतुकच करायचे.

दुपारी वरच्या मजल्यावरची करिष्मा दारात आली. माहेर उल्हासनगरच्या सिंधी वस्तीतलं, कॅम्प एकचं, त्यामुळे रागावली की तिची मराठी हिंदीत शिरायची.

"माधवी, तू पागल है क्या? कात्रपला आपलं काहीच नाहीये. तिथला साहेब हसला माझ्यावर. बोलला, तुमचं सेंटर तुमच्या घराजवळच आहे, इतनी दूर क्यूं आयी?"

"पण त्यात शिक्का होता गं."

"शिक्का! माझा नवरा मोबाइलवर दोन मिनिटांत तुझ्या नावाचा शिक्का बनवून देईल. सासूला रिक्षाने नेलं, रिक्षाने आणलं. आता ती बोलते, भाड में जाए मतदान."

माधवीने खिडकीतून शाळेच्या दिशेला पाहिलं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. पायात चप्पल सरकवून नुसतं डोकावून आली असती, तरी पुरलं असतं.

नवरा प्रमोद, अंबरनाथच्या कारखान्यातला फिटर, सुट्टी म्हणून लोळत पडला होता. तो म्हणाला, "डिलीट करून टाक. विषय संपला. तू थोडाच बनवलायस?"

तिने निरोप पुसला. ग्रुपवर ‘निरोप पुसला आहे’ एवढी खूण तेवढी उरली आणि क्षणभर तिला हायसं वाटलं. मग एकदम विठामावशी आठवल्या.

विठामावशी शेजारच्याच खोलीत एकट्या राहायच्या. दाराला कुलूप होतं. माधवीने फोन लावला, तर तो बंद दाराच्या आतच वाजत राहिला. माधवी धावत रिक्षा स्टँडवर गेली. तिथे कुणीतरी सांगितलं, मावशी सकाळीच पांढरी साडी नेसून पूर्वेला गेल्या.

मावशी कात्रपहून परत इथेच येणार, म्हणून माधवी आपल्याच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. रांगेत उभं राहून स्वतःचं मत देऊन आली, तरी डोळे रस्त्याकडेच होते. प्रत्येक रिक्षा थांबली की ती पुढे व्हायची. उतरायचं दुसरंच कुणीतरी. माणसाची वाट आपण किती वेळा बघतो, पण आपणच चुकीच्या वाटेला लावलेल्या माणसाची वाट बघणं फार वाईट. उन्हं कलली, रांग आखडत गेली. मतदानाची वेळ संपली तसं हवालदाराने फाटक ओढून घेतलं.

त्यानंतर थोड्याच वेळाने विठामावशी आल्या. चालतच. पायांवर धूळ, हातात पदराचा बोळा. बंद फाटकाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि कुंपणाच्या कट्ट्यावर बसल्या.

"मावशी, पाणी घ्या."

"राहू दे. आधी दम खाऊ दे. कात्रपला लाइनीत उभी राहिले. माझा नंबर आला तर म्हणे, आजी, नाव नाही. दुसऱ्या शाळेत पाठवलं, तिथंबी नाही. मग घेरी आली. एका बाईनं घरात नेऊन निजवलं. येताना जिन्यानं रेल्वेचा पूल चढले, तिथंच वेळ गेला."

"मावशी, खरंच सांगते, मी बनवलं नव्हतं ते. आलं तसं पुढे पाठवलं फक्त."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पाठवलं न्हाईस, पोरी. बोलून सांगितलंस. नुसतं लिहिलेलं असतं तर मी चार जणांना इचारलं असतं, हे काय लिवलंय म्हणून. तुझा आवाज आला, म्हणून कुणालाच इचारलं न्हाई."

मावशी शाळेच्या पटांगणाकडे बघत होत्या.

"तुला ठाऊक नसंल. लग्न होऊन आले तेव्हापासून हितंच मत टाकलं. बायांची लाइन या अंगाला, बाप्यांची त्या अंगाला. आमचे हे, सोमा, त्या लाइनीतून मान वर करून बघायचे, मी कुठवर सरकले ते. सरकारी लाइनीत उभा राह्यलेला माणूस, पण असा बघायचा जसा काय मला बघायलाच आलाय. ते गेले, तरी मी या पटांगणात आले की त्या अंगाला बघते. कुणी न्हाई हे कळतं मला, येडी न्हाई मी. पण तेवढा वेळ बरं वाटतं. पुढच्या मताला मी असंन का नसंन."

माधवीचे डोळे भरून आले. "मी तो निरोप पुसून टाकला, मावशी."

"फोनमधनं पुसलास. कानातनं कसा पुसशील? येताना पुलावर आपल्याच गल्लीतल्या दोघी भेटल्या. म्हणत होत्या, सगळं लबाडीचंय, सरकारनंच नावं उडवली, आता पुन्हा मत टाकायला जायचंच न्हाई. अगं, ज्यानं कुणी हे बनवलं, त्याला हेच तर पायजे. माझं एक मत गेलं, ते गेलं. पण त्या दोघींचं मन उठलं, ते पुढच्या साऱ्या निवडणुकांना उठलं. बाबासाहेबांनी आम्हाला हे मत मिळवून दिलं तेव्हा कोणी म्हणायचं, अडाण्यांना काय कळतंय. आता तसं तोंडावर म्हणत न्हाईत. नुसता रस्ता चुकवतात."

"मी खरं सांगितलं तर परत कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

"ठेवेनात का. थोडे दिस इचारून खात्री करतील. वाईट काय त्यात?"

किती साधी गोष्ट! आणि तीच माधवीला दिवसभर सुचली नव्हती. गल्लीने आपल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हीच तिची हौस होती. त्याच मिटलेल्या डोळ्यांचा आज कुणीतरी फायदा घेतला होता.

तिने फोन काढला. सकाळी एका दमात बोलणारी माधवी आता दोनदा अडखळली.

"बायांनो, माधवी बोलतेय. सकाळी मी सांगितलेलं खोटं होतं. आपलं मतदान आपल्याच शाळेत होतं आणि ते रीतसर झालं. कुणी नावं उडवलेली नाहीत. मी शाळेत जाऊन बघितलं नाही, ही माझी चूक. तुमच्यापैकी ज्यांचं मत गेलं, ते माझ्यामुळे गेलं. रागवा, पण माझ्यावर. पुढच्या वेळी मत टाकायला या."

मग करिष्माचा निरोप आला, "सासूला ऐकवते. गाली देगी, सुन लेना."

माधवीने मावशींना हाताला धरून उठवलं. दोघी हळूहळू चालू लागल्या. कोपऱ्यावर मावशी थांबल्या, मागे वळून पटांगणाकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"पुढची निवडणूक कधी गं?"

उत्तर माधवीच्या जिभेवर होतं. कुठेतरी, कुणीतरी पाठवलेलं काहीतरी तिने वाचलं होतं. तिने ते गिळलं.

"मला नक्की माहीत नाही, मावशी. उद्या नगरपालिकेत जाऊन विचारते, मग सांगते."

मावशींनी मान हलवली आणि तिच्या हातावर आपला भार टाकला.

मंडळी, लोकशाही राखायची म्हणजे काहीतरी मोठं करावं लागतं असं आपल्याला वाटत राहतं. कदाचित तसंही असेल. पण आपल्यावर विसंबलेल्या माणसाला काही सांगण्याआधी चप्पल घालून दोन गल्ल्या चालून यावं, आणि तेवढं जमलं नाही तर माहीत नाही म्हणावं, एवढं तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. तेवढं न केल्यामुळे विठामावशींची रांग त्या वर्षी हुकली, आणि ती कुणालाच परत देता आली नाही.